हे दुखणं अंगावर काढू नका

प्रश्न : पत्र लिहिणाऱ्या बाई ५१ वर्षांच्या, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी शिक्षिका आहेत. पाळी जाऊन तीन वर्षं झाली. गेली दोन वर्षं संबंधाच्या वेळी असह्य दुखतं, ‘आतून सोलवटल्यासारखं’ होतं आणि नंतर दोन दिवस लघवीला आग होते. मागच्या महिन्यात कपड्याला थोडं रक्तही लागलं. सुरुवातीला त्या दातओठ खाऊन सोसत राहिल्या. मग कारणं सांगू लागल्या : उपवास, पेपर तपासायचे आहेत, शेजारच्या खोलीत सासूबाई जाग्या आहेत. मिस्टर ५६ वर्षांचे, स्वभावानं चांगले, पण हल्ली अबोला धरून बाहेरच्या खोलीत झोपतात. एकदा म्हणाले, “तुझं मन उडालंय माझ्यावरून.” धीर करून एका डॉक्टरांना सांगितलं, तर “वय झालं, आता देवधर्मात मन रमवा” असं उत्तर मिळालं. मैत्रीण म्हणते, हार्मोनची औषधं घेऊ नकोस, कॅन्सर होतो. त्या विचारतात : नवऱ्याचा हक्क म्हणून सोसत राहू, की हा विषय आता कायमचा बंद करून टाकू? मुलगी लग्नाची झाली, या वयात असली तक्रार घेऊन जायचं तरी कुणाकडे?

ताई,

तुमचं पत्र वाचताना मी पहिल्यांदा थांबले ती रक्ताच्या ओळीवर. तुम्ही ती ओझरती लिहिली आहे, म्हणून मी सुरुवातच तिथून करते. पाळी थांबून सलग १२ महिने उलटले, की त्यानंतर अंगावरून गेलेलं रक्त, मग तो कपड्यावरचा एक डाग का असेना, तपासून घ्यायचंच असतं. तुमच्या बाबतीत कोरड्या, नाजूक झालेल्या त्वचेला चीर पडून ते आलं असण्याची शक्यता बरीच आहे. पण गर्भाशयाच्या अस्तराचा किंवा गर्भाशयमुखाचा कॅन्सरही सुरुवातीला एवढीच खूण देऊ शकतो, आणि त्या टप्प्यावर सापडला तर तो बरा होण्याची शक्यता खूप जास्त असते. आतली तपासणी, गर्भाशयमुखाची पॅप किंवा एचपीव्ही चाचणी, अस्तराची जाडी पाहणारी सोनोग्राफी, एवढ्यावर बहुतेक वेळा उलगडा होतो. पेपर संपू देत, सुट्टी लागू दे, असं करू नका. या आठवड्यातच जा. बाकीचं सगळं तुम्ही तुमच्या सवडीनं करा.

आता दुखण्याकडे येऊ.

योनीची आतली त्वचा जाड, लवचिक आणि ओलसर ठेवण्याचं काम इस्ट्रोजेन हे हार्मोन करतं. पाळी जायच्या सुमारास ते उतरतं आणि मग उतरलेलंच राहतं. अस्तर पातळ होतं, तिथला रक्तपुरवठा कमी होतो, ताणलं गेल्यावर उलगडणाऱ्या बारीक घड्या सपाट होतात. आतल्या पेशींतल्या साखरेवर काही उपयोगी जिवाणू जगत असतात आणि तेच तिथली आम्लता राखतात. पेशी रोडावल्या की तेही रोडावतात. एरवी ४.५ च्या आत असणारा पीएच ५ च्या वर जातो आणि नको त्या जंतूंना मोकळं रान मिळतं. मूत्रमार्गाचं तोंड तिथून बोटभरही लांब नाही आणि त्याची त्वचाही इस्ट्रोजेनवरच पोसलेली असते. म्हणून लघवीला आग, सारखी घाई, पुन्हापुन्हा होणारा संसर्ग, हे सगळं एकाच मुळाचं असू शकतं. ‘उन्हाळी लागली’ म्हणून धन्या-जिऱ्याचं पाणी पीत आणि दर दोन महिन्यांनी अँटिबायोटिकचा कोर्स करत वर्षं काढणाऱ्या किती बायकांना हे कुणी सांगतच नाही! २०१४ पासून डॉक्टर या सगळ्याला मिळून ‘जीएसएम’ (जेनिटोयुरिनरी सिंड्रोम ऑफ मेनोपॉज) म्हणतात. तुमच्या कागदावर ही तीन अक्षरं दिसली तर दचकू नका.

हा त्रास दुर्मीळ नाही. पाळी गेलेल्या बायकांपैकी जवळजवळ निम्म्यांना तो कमीजास्त प्रमाणात होतो. अंगातून वाफा निघणं, रात्री घामानं भिजणं, हे बहुतेकींचं काही वर्षांनी निवतं. कोरडेपणाचं तसं नाही. उपाय केला नाही तर तो वाढत जातो. म्हणून ‘थोडे दिवस काढू, होईल कमी’ हा हिशेब इथे चुकतो.

तुम्हाला ‘वय झालं’ असं सांगणाऱ्या डॉक्टरांचं म्हणणं मला मान्य नाही. भारतात पाळी जाण्याचं सरासरी वय ४६-४७ च्या आसपास आहे. म्हणजे पुढे अजून पंचवीस-तीस वर्षांचं आयुष्य असतं. वयामुळे मोतीबिंदूही होतो, पण तो घेऊन आलेल्या माणसाला कुणी जप करायला बसवत नाही. तुम्ही एक शारीरिक तक्रार घेऊन गेला होतात. तिला नाव आहे, तिची तपासणी आहे, तिच्यावर स्वस्त आणि साधी औषधं आहेत. ती मिळवायला तुम्ही पुन्हा जायला हवं, दुसऱ्या डॉक्टरांकडे.

तुमच्या पत्रात अजून एक गोष्ट मला टोचली. मिस्टरांची नाराजी, त्यांचा हक्क, त्यांचा अबोला, सगळं तुम्ही सविस्तर लिहिलंय. तुम्हाला स्वतःला काय हवंय, याबद्दल एक ओळही नाही. दुखलं नसतं तर तुम्हाला हे आवडलं असतं का? पूर्वी आवडायचं का? की पहिल्यापासूनच ते एक काम होतं, धुण्या-भांड्यासारखं उरकून टाकायचं? याचं उत्तर मला पाठवायची गरज नाही, पण स्वतःला द्या. कारण दुखणं बरं करायचं ते आधी तुमच्यासाठी. शाळेत सात-आठ तास उभं राहताना, एसटीत बसताना, लघवीला जाताना ती आग तुम्हालाच होते. उद्या तुम्ही ठरवलंत की मला संबंध नकोत, तरी उपचार हवेतच.

आणि हक्काचं म्हणाल, तर दुखत असताना सोसत राहणं हे कुठल्याच संसाराचं कर्तव्य नाही. त्यातून नुकसानही होतं. दोन-चार वेळा दुखलं की शरीर ते लक्षात ठेवतं. पुढच्या वेळी नवऱ्यानं नुसता हात लावला तरी ओटीपोटाखालचे स्नायू आपोआप आवळले जातात. आवळलेल्या स्नायूंतून आत जाताना आणखी दुखतं, म्हणून ते आणखी आवळतात. त्यात पलीकडच्या खोलीत सासूबाईंचा खोकला ऐकू येतोय, तोंडातून आवाज निघू नये म्हणून तुम्ही श्वास रोखून धरलाय. अशा अवस्थेत ज्यांची त्वचा ठणठणीत आहे त्यांनाही दुखेल. तेव्हा पहिला उपाय बिनखर्चाचा आहे : त्वचा भरून येईपर्यंत आत जाणारा संबंध पूर्ण थांबवा. चोरून, कारणं सांगून थांबवू नका. नवऱ्याला सांगून थांबवा. ते कसं सांगायचं, त्यावर येतेच.

औषधांच्या दुकानात दोन वेगळ्या वस्तू मिळतात आणि बायका त्यांत हमखास गोंधळतात. एक योनीसाठीचं मॉइश्चरायझर, दुसरं लुब्रिकंट जेल. टाचांना भेगा पडल्या की आपण रोज रात्री कोकमाचं तेल चोळतो, फक्त चालायला निघताना नाही. मॉइश्चरायझर तसं वापरायचं : आठवड्यातून दोन-तीनदा, झोपताना, संबंध असोत-नसोत. ह्यालुरॉनिक अ‍ॅसिड असलेली जेल या कामाला चांगली. लुब्रिकंट मात्र त्या-त्या वेळी लावायचं, दोघांनीही, आणि हात आखडता न घेता. पाण्यावर आधारलेलं जेल धुवायला सोपं, पण लवकर सुकतं, मधे पुन्हा लावावं लागतं. सिलिकॉनचं जास्त वेळ टिकतं. वास-स्वाद असलेलं, गरम किंवा थंड वाटणारं काही घेऊ नका, नाजूक त्वचेला ते झोंबतं. ग्लिसरीन जास्त असलेली जेलही काहींना चुरचुरतात. पहिल्यांदा हाताच्या मनगटावर लावून पाहा आणि मग बाहेरच्या बाजूला थोडंसं.

खोबरेल तेलाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारणाऱ्या खूप असतात. साधं, शुद्ध खोबरेल बाहेरून लावल्यानं अनेकींना बरं वाटतं. मात्र कोणत्याही तेलानं रबराचे निरोध फाटतात, हे ध्यानात ठेवावं. आवळा, जाई-जुई घातलेलं डोक्याचं तेल कदापि नको. दही, लिंबू, लसूण, तुरटी यांतलं काहीही आत घालू नका, कितीही जवळच्या बाईनं सांगितलं तरी. आणि त्या जागी साबण, डेटॉल-सॅव्हलॉन घातलेलं पाणी, पावडर, सुवासिक वॉश हे सगळं आजपासून बंद. ‘स्वच्छता’ म्हणून बायका जी जागा घासून-घासून धुतात, तिथला उरलासुरला ओलावा त्यातच जातो. बाहेरून साधं कोमट पाणी पुरतं, आतून धुवायची गरजच नसते.

एवढं करून काहींचं भागतं. रक्त येण्यापर्यंत गोष्ट गेली असेल तर बहुधा भागत नाही. तिथे लागतं ते योनीत लावायचं इस्ट्रोजेन. आपल्याकडे ते बहुतेकदा एस्ट्रिऑलच्या क्रीमच्या रूपात मिळतं. ट्यूबबरोबर प्लास्टिकची एक बारीक पिचकारी येते, तिच्यावर खूण असते. डॉक्टर सांगतील त्या खुणेपर्यंत क्रीम भरायची, पाठीवर झोपून गुडघे दुमडायचे, पिचकारी हळूच आत न्यायची आणि मागचा दांडा दाबायचा. नंतर कोमट पाण्यानं धुऊन ठेवायची. पिचकारीही सोसत नसेल तर बोटाच्या टोकावर थोडी क्रीम घेऊन योनीच्या तोंडाशी लावली तरी सुरुवातीला चालतं, हे डॉक्टरांना विचारून घ्या. साधारण पद्धत अशी की पहिले दोन-तीन आठवडे रोज रात्री आणि मग आठवड्यातून दोनदा. दोन-तीन दिवसांत फरक दिसत नाही म्हणून ट्यूब कपाटात टाकू नका. त्वचा भरायला काही आठवडे जातात, पूर्ण परिणाम दिसायला कधी तीन महिने. बरं वाटल्यावर सोडून दिलं तर कोरडेपणा हळूहळू परततो, त्यामुळे आठवड्याचे ते दोन दिवस बहुतेकींना पुढेही चालू ठेवावे लागतात. ही क्रीम संबंधाच्या आधी वंगण म्हणून मात्र लावायची नाही. त्या कामाला जेल आहे. लघवीचा संसर्ग पुन्हापुन्हा होणाऱ्या बायकांत याच क्रीमनं तो कमी होतो, हा तिचा दुसरा मोठा उपयोग.

तुमच्या मैत्रिणीची भीती कुठून आली, तेही सांगते. २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यात हार्मोनच्या पोटात घ्यायच्या गोळ्या खाणाऱ्या बायकांत स्तनांचा कॅन्सर आणि रक्ताच्या गुठळ्या काहीशा जास्त दिसल्या. जगभर घबराट झाली, लाखो बायकांनी औषधं टाकली. त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं आणि त्या घेत होत्या ती दोन संप्रेरकांची गोळी होती, जी सगळ्या शरीरभर जाते. योनीत लावायच्या अल्प मात्रेच्या क्रीमचा तो अभ्यास नव्हताच. या क्रीममधलं रक्तात उतरतं ते फारच थोडं. तरी अमेरिकेत तिच्याही खोक्यावर त्या गोळ्यांवरचाच कडक इशारा वर्षानुवर्षं छापला जात राहिला. तिथल्या औषध नियामक संस्थेनं तो काढायचं ठरवलं ते नोव्हेंबर २०२५ मध्ये. आपल्याकडच्या ट्यूबमधल्या घडीच्या कागदावर भयंकर गोष्टींची यादी दिसली तर ती या पार्श्वभूमीवर वाचा आणि डॉक्टरांना दाखवा.

जिला स्वतःला स्तनांचा कॅन्सर झालेला आहे, विशेषतः जी त्यासाठी हार्मोन दाबणाऱ्या गोळ्या अजून घेते आहे, तिनं मात्र कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही क्रीम लावू नये. तिच्यासाठी आधी मॉइश्चरायझर आणि लुब्रिकंट. ‘माझ्या आत्याला होता’ ही गोष्ट वेगळी. ती डॉक्टरांना जरूर सांगावी, पण तेवढ्यानं दार बंद होत नाही. आणि तुमच्या बाबतीत क्रम लक्षात ठेवा : आधी रक्त का गेलं याची तपासणी पूर्ण, मग क्रीम.

सगळंच कोरडेपणाच्या खात्यावर टाकू नये. दुखणं योनीच्या तोंडाशी आहे की खोल आत, हे डॉक्टरांना नेमकं सांगा. खोलवर दुखत असेल तर गर्भाशय, अंडाशय, आतडी, आत एकमेकांना चिकटलेले भाग असं काही पाहावं लागतं. खूप खाज आणि पांढरे चट्टे असतील तर तो त्वचेचा वेगळा आजार असू शकतो, त्याला वेगळं मलम लागतं. मधुमेह असेल तर बुरशीचा संसर्ग वारंवार होतो. सर्दी-अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्या आणि नैराश्यावरची काही औषधं यांनीही कोरडेपणा येतो. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. क्रीमनं त्वचा सुधारली तरी स्नायू सैल पडत नसतील, तर ओटीपोटाच्या स्नायूंवर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्ट असतात. पुण्या-मुंबईत आणि मोठ्या शहरांत त्या आता सापडतात. व्हिडिओ बघून आवळण्याचे व्यायाम मात्र स्वतःहून सुरू करू नका. आधीच आवळलेले स्नायू त्यानं आणखी आवळतात. तुम्हाला शिकायचंय ते सैल सोडणं.

योनीवरच्या लेझर उपचारांच्या जाहिराती मोबाईलवर येत असतील. पुन्हा तारुण्य, तीन सिटिंगमध्ये फरक, वगैरे. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१८ मध्येच याविरुद्ध इशारा दिला होता. पुढे २०२१ मध्ये खऱ्या लेझरची तुलना खोट्या, म्हणजे नुसत्या नावापुरत्या लेझरशी केली गेली, त्यात फायदा दिसला नाही. पैसे वाचवा.

आता डॉक्टरांकडे जायचं कसं. तुमच्या गावात एकच दवाखाना असेल आणि तिथली सिस्टर तुमच्या शाळेतल्या मुलाची आई असेल, तर जिल्ह्याच्या ठिकाणी जा, तिथे कुणी ओळखत नाही. शक्यतो स्त्रीरोगतज्ज्ञ बाई शोधा. डॉक्टर पुरुष असतील तर तपासणीच्या वेळी सिस्टर आत हवी, असं सांगायचा तुम्हाला अधिकार आहे. आत गेल्यावर ‘खाली थोडा त्रास होतो’ असं मोघम बोललात तर पांढरं जाण्याच्या गोळ्या घेऊन परत याल. एका चिठ्ठीवर लिहून न्या : ‘पाळी जाऊन तीन वर्षं. संबंधाच्या वेळी तोंडाशी दुखतं. मागच्या महिन्यात कपड्याला रक्त लागलं. लघवीला आग होते. कोरडेपणासाठी योनीत लावायचं इस्ट्रोजेन मला चालेल का, ते पाहायचंय.’ बोलवत नसेल तर चिठ्ठी नुसती पुढे सरकवा, डॉक्टरांना त्यात काही वावगं वाटत नाही. तपासणीच्या आधी सांगा, ‘फार दुखतं, लहान उपकरण वापरा आणि जेल लावा. मी थांबा म्हटलं की थांबा.’ चांगले डॉक्टर ऐकतात.

आणि मिस्टर. तुमच्या पत्रात त्यांचं एकच वाक्य आहे आणि मला ते रागाचं वाटत नाही. बायको दर वेळी काहीतरी कारण सांगून पाठ फिरवते, त्याला खरं कारण कुणी सांगितलेलंच नाही. मग त्यानं त्याला सुचेल तो अर्थ लावला. ५६ व्या वर्षी पुरुषांच्या शरीरातही बदल होत असतात. पूर्वीसारखं जमत नाही ही धास्ती अनेकांना असते आणि तेही कुणाला सांगत नाहीत. बायको टाळते म्हणजे आपल्यातच काही कमी आहे, असंही त्यांनी मनाशी धरलं असेल. अबोला धरणं योग्य नाहीच. पण त्यांना माहीत नसलेल्या गोष्टीसाठी त्यांना दोषी धरण्याआधी ती गोष्ट सांगून बघा.

रात्री, अंथरुणात, ते जवळ आल्यावर हे बोलू नका. तेव्हा ते नकारासारखंच ऐकू येतं. संध्याकाळी शतपावलीला बाहेर पडता का? तिथे बोला, चालताना एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. साधारण असं म्हणता येईल : ‘माझं मन उडालेलं नाही. पाळी गेल्यापासून आत त्वचा कोरडी पडलीय, चिरा पडतात, मागच्या महिन्यात रक्त आलं. मी भीतीनं टाळत होते, तुम्हाला सांगायला लाजत होते. याच्यावर औषध आहे, डॉक्टरांकडे जायचंय, तुम्ही बरोबर चला. बरं होईपर्यंत तेवढं सोडून बाकी जवळ असायला मला हवंय.’ शेवटचं वाक्य खरं असेल तरच म्हणा. आणि ते खरं असेल तर त्यांना बाहेरच्या खोलीतून परत बोलवा. त्या काळात कुशीत झोपणं, पाठ चेपून देणं, एकमेकांना हातानं सुख देणं, यांतलं जे तुम्हा दोघांना रुचेल ते करा. पन्नाशीनंतर शरीराला तयार व्हायला पूर्वीपेक्षा बराच जास्त वेळ लागतो, आणि पाच मिनिटांत उरकण्याची सवय असलेल्या जोडप्यांना हे नव्यानं शिकावं लागतं. पुढे कधी पुन्हा सुरुवात केलीत तर वेग आणि खोली तुमच्या हातात राहील असं बसा, म्हणजे तुम्ही वर किंवा दोघं कुशीवर. दुखलं की तिथेच थांबायचं, हे आधीच ठरवून ठेवा. आणि सासूबाई मंदिरात किंवा नणंदेकडे जातात ती दुपार निवडा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

हे सगळं सांगूनही त्यांनी ऐकलं नाही, जबरदस्ती केली, तर गोष्ट वेगळी होते. लग्न झालेलं असलं तरी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळ येतो आणि तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते. तुमच्या पत्रावरून तुमच्या घरी तसं वाटत नाही. पण हे सदर वाचणाऱ्या कुणाच्या तरी घरी तसं असेल, म्हणून लिहिलं.

‘विषय कायमचा बंद करू का?’ हा तुमचा प्रश्न मी टाळणार नाही. उपचार घेऊन, दुखणं थांबल्यावर, शांतपणे विचार करून तुम्हाला वाटलं की मला आता हे नको, तर तो निर्णय पूर्णपणे रास्त आहे. कितीतरी जोडपी संबंधांशिवाय प्रेमानं राहतात. फक्त तो निर्णय दुखण्यानं घेऊ नये, तुम्ही घ्यावा, आणि मिस्टरांना तो न बोलता कळेल असं समजू नये. आज तुम्ही आगीला कंटाळून दार लावायला निघाला आहात. आधी आग थांबू द्या.

मुलगी लग्नाची असण्याचा आणि तुमच्या उपचारांचा काय संबंध, हे मला कळलं नाही. तिला कळेल या संकोचानं तुम्ही अडला असाल, तर तिला सगळं सांगायची गरज नाही. ‘पाळी गेल्यानंतरचा त्रास आहे, डॉक्टरांकडे चाललेय’ एवढं पुरे. तिच्या वाट्यालाही हे वय येणार आहे. आईनं उपचार घेतले, एवढं तिनं पाहिलं तरी खूप झालं.

तुमच्यासारखं पत्र लिहू शकल्या नाहीत अशा दोघी-तिघींसाठी आणखी थोडं. ज्यांची पाळी अजून अधूनमधून येते त्यांनाही हा कोरडेपणा सुरू होऊ शकतो, पण दिवस राहण्याची शक्यता संपलेली नसते. पन्नाशीनंतर शेवटच्या पाळीपासून एक वर्ष आणि पन्नाशीच्या आत असाल तर दोन वर्षं, गर्भनिरोधक चालू ठेवावं. आणि ज्यांची गर्भाशयाची पिशवी काढली आहे त्यांनी घरातलं जुनं डिस्चार्ज कार्ड शोधून काढावं. त्यावर ‘बीएसओ’ लिहिलेलं असेल तर पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही गेली आहेत. म्हणजे इस्ट्रोजेन त्या दिवशी एकदम बंद झालं, मग वय पस्तीस का असेना. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची सरकारी पाहणी झाली, तेव्हा पिशवी काढलेल्या १३ हजारांहून जास्त बायका आढळल्या, त्यांतल्या कितीतरी ऐन तारुण्यात. ‘पिशवी काढली, कटकट गेली’ एवढंच अनेकींना सांगितलं जातं. पुढे हाडं ठिसूळ होतात, कोरडेपणा येतो, हे सांगितलं जात नाही. कमी वयात अंडाशयं गेलेल्या बाईला नुसती क्रीम पुरत नाही. संपूर्ण शरीरासाठी हार्मोन द्यायचे का, हे स्त्रीरोगतज्ज्ञांकडून ठरवून घ्यावं लागतं. तेव्हा कार्ड घेऊन जा. कार्ड सापडलं नाही तर सोनोग्राफीत अंडाशयं आहेत की नाहीत ते बहुधा कळतं.

तर ताई, या आठवड्यात तपासणी, त्याच संध्याकाळी शतपावली. रिपोर्ट चांगले आले आणि क्रीम सुरू झाली, तर ती सुरू केल्याची तारीख कॅलेंडरवर मांडून ठेवा आणि तीन महिन्यांनी त्याच डॉक्टरांकडे पुन्हा जा, बरं वाटत असलं तरी. तोवर पुन्हा रक्त दिसलं तर मात्र तीन महिने थांबू नका, दुसऱ्याच दिवशी जा. आणि नव्या डॉक्टरांनीही ‘वय झालं’ म्हटलं, तर चिठ्ठी परत घ्या आणि तिसऱ्या डॉक्टरांचा पत्ता विचारा.